बेकरीच्या वर्गात साखरबंदी

नाही, पण मी काय म्हणतो, साखर सोडायचीच वेळ आली होती तर मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात नसतो का? वकिलीच्या असतो, गणिताच्या असतो, गुराढोरांच्या डॉक्टरकीच्या असतो, तिथे निदान गुरांना चाटून बघावं लागत नाही! आणि मी कुठे? बेकरीच्या कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला. म्हणजे सकाळी आठला वर्गाचं दार ढकललं की आधी लोणी नाकात शिरतं, मागोमाग व्हॅनिला, मागोमाग कुणीतरी पातेल्यात साखर लाल करत बसलेलं असतं तिचा तो... जाऊ दे. आणि डॉक्टर मला सांगतात, साखर बंद करायची, साधी गोष्ट आहे!

साधी गोष्ट आहे. हे तीन शब्द लक्षात ठेवा. मला पुढे ज्याने ज्याने गोत्यात घातलं ना, त्याने आधी हे तीन शब्द उच्चारले.

तर झालं काय, तुम्हाला सांगतो, आमच्या कॉलेजात अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तपासणी होते. छाती, कातडी, नखं, रक्त, सगळं. मी आपला बाही वर करून शीळ घालत गेलो. वीस वर्षांचा घोडा, मला काय धाड भरलीय? आठ दिवसांनी कागद आला. तो घेऊन मी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो, म्हणजे आई गेली, मी नुसता तिच्या मागे होतो. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा कपाळावर चढवला, परत बघितला आणि म्हणाले, काठावर आहे. आता काठावर म्हणजे काय, मी काय विहिरीत डोकावतोय? तर म्हणे रक्ताची एक तपासणी असते, तिच्यात मागच्या तीन महिन्यांची साखर कळते. बघा म्हणजे! मला तीन महिन्यांपूर्वी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही, आणि माझ्या रक्ताला तेव्हा खाल्लेली पेस्ट्री आठवते! आकडा होता सहा पूर्णांक दोन. पाच पूर्णांक सहापर्यंत माणूस मोकळा. तीन महिने साखर बंद करून आकडा खाली आला तर ठीक, नाही आला तर वडिलांसारखी गोळी सुरू, कायमची. आणि हे सांगताना डॉक्टरांच्या टेबलावर काय होतं माहितीये? काचेची बरणी. लिमलेटच्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेली. लहान पेशंट रडू नयेत म्हणून. मी सबंध वेळ डॉक्टरांकडे लक्ष देऊन बघत होतो असं आईला वाटलं.

आता आईचं ऐका. आईला नावं ठेवायची नाहीत हं, आधीच सांगतो. वडिलांच्या पायाला मागे एक जखम झाली होती. बूट चावला होता, एवढंच, नखाएवढी जखम, ती सात महिने भरली नाही. सात महिने आई रोज सकाळी त्यांच्या पायाशी बसून पट्टी बदलायची आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायची, आपण रडतोय हे त्यांना कळू नये म्हणून. मी बघितलंय. त्यामुळे डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती मधेच थांबली आणि म्हणाली, "तीन महिने. आकडा उतरला नाही तर ते कॉलेज बंद. मामाच्या दुकानात बसायचं." मी म्हटलं, अगं पण आई... तर म्हणाली, "मला आणखी एक पाय धुवायचा नाहीये." तुम्ही असतात तर काय बोलला असतात?

मामाचं दुकान म्हणजे हार्डवेअरचं. खिळे, स्क्रू, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. मामा माणूस सोन्यासारखा, पण त्याला पहिल्यापासून वाटतं की पुरुषासारख्या पुरुषाने क्रीम फेटत बसणं म्हणजे... ते वाक्य तो पुरं करत नाही, हातातली बिजागरी नुसती उघडतो आणि मिटतो. त्याला बातमी लागली तशी त्याच दिवशी त्याने गल्ल्यामागची साखळ्यांची रिळं हलवली, तिथे स्टूल मांडलं, फडक्याने पुसलं आणि मला फोन. "भाच्या, जागा केलीय. लोखंडात साखर नसते. साधी गोष्ट आहे." झालं! एकानं काठावर नेऊन उभं केलं, दुसरा खाली स्टूल मांडून बसला.

आणि खरं सांगू का तुम्हाला, मला दुसरं काही येत नाही हो. अभ्यासात मी बेताचा, खेळात मला कायम पाणी द्यायला ठेवायचे, गाण्यात तर विचारूच नका. पण ओव्हनच्या काचेआड केक फुगायला लागला ना, की मी तिथे उकिडवा बसतो, एखादं मूल मत्स्यालयापुढे बसतं तसा, आणि मला वाटतं, हे मी केलं. ही जी टेकडी वर येतेय ती माझ्या हातची आहे. आणि आता डोळ्यांपुढे ते स्टूल. म्हणून ठरवलं, सोडली साखर. कानाला खडा!

पण सोडायची कशी? प्रॅक्टिकलच्या बाईंना आम्ही तराजूबाई म्हणतो. पाठीमागे. त्यांचे दोनच नियम. वजन केल्याशिवाय घालायचं नाही आणि चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही. लोणी-साखर फेटली, चाखा. पाक झाला, चाखा. क्रीम झालं, चाखा. शेजाऱ्याचं झालं, तेही चाखा, आणि तोंड वाकडं न करता मत द्या. मी एक दिवस मोजलं, सकाळी आठ ते दुपारी एक, अकरा चमचे! नुसत्या अभ्यासाचे! बाकीच्या कॉलेजांत पोरं अभ्यास केला नाही म्हणून बिघडतात, मी जगातला एकटा, जो अभ्यास केला म्हणून बिघडला.

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, जीभ उसनी घेऊ. माझ्या टेबलावरचा जोडीदार आहे ना, त्याला सगळे चाटू म्हणतात. का म्हणतात ते सांगायला नको. क्रीमचं भांडं धुवायला द्यायच्या आधी तो बोटाने असं लख्ख करतो की भांडीवाल्या मावशी त्याला बघून दुवा देतात. त्याला म्हटलं, बाबा रे, असं असं आहे, तीन महिने माझं सगळं तू चाखायचं. त्याच्या चेहऱ्यावर काय तेज आलं! म्हणाला, मित्रासाठी एवढंही करणार नाही का, साधी गोष्ट आहे. आणि त्या दिवसापासून त्याने माझं प्रत्येक क्रीम चाखलं आणि डोळे मिटून प्रत्येक वेळी म्हणाला, "थोडी कमी वाटतेय." मी घातली. परत चमचा. "अजून किंचित." घातली. परत चमचा. अहो, पुरेशी आहे म्हटलं की त्याचा चमचा संपतो ना! हे मला कळायला तीन आठवडे लागले. एका सकाळी तराजूबाईंनी माझ्या केकचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश स्टुलावर बसल्या. कधी बसत नाहीत त्या वर्गात. पाणी प्यायल्या. मग विचारलं, हे तू चाखलं होतंस? आता खोटं बोलून जाणार कुठे?

सगळं सांगितलं. डॉक्टर, आई, पाय, स्टूल, सगळं. बाई ऐकून घेतात हं, तेवढं आहे. कपाटाकडे गेल्या, झाकणाची एक स्टीलची डबी काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "चाव, जिभेवर फिरव, थुंक. गिळायचं नाही. साधी गोष्ट आहे."

तुम्ही कधी गरम गरम चॉकलेट सॉस थुंकलाय? नाही ना? मग तुम्हाला दुःख म्हणजे काय ते माहीत नाही! तोंड म्हणतं गीळ, घसा म्हणतो पाठव, पोट खाली पदर पसरून उभं, आणि तुम्ही आपले डबीचं झाकण उघडताय. पहिले काही दिवस डोळ्यांत पाणी यायचं. पुढे पुढे मात्र हाताला सवय झाली. घास तोंडात, जीभ फिरली, मान डावीकडे, डबी, झाकण, टक्. घास, जीभ, मान, डबी, टक्. इतकं अंगवळणी पडलं की घरी पोहे खाताना... म्हणजे काहीही खाताना, मान आपोआप डावीकडे वळायची आणि डावीकडे वडील बसायचे.

पण लोकांना काय सांगणार? आमच्या वर्गात पहिली येणारी एक मुलगी आहे, तिचा लिंबाचा टार्ट म्हणजे काय सांगू, असा खुसखुशीत, असा बेताचा आंबट. तिने कौतुकाने पहिला तुकडा मला दिला. मी चावला, जीभ फिरवली, मान डावीकडे, टक्. तिने बघितलं. मागच्या बाकावरच्यांनी बघितलं. पाच मिनिटांत वर्गभर झालं की टार्ट नासलाय, आणि त्या बिचारीने सगळा ट्रे कचऱ्यात ओतला. मी तिच्या मागे धावलो, म्हटलं अगं, तुझा टार्ट वर्गात सगळ्यात चांगला होता. ती शांतपणे म्हणाली, मग थुंकलास का? चार दिवस बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी बोलली ते ऐकण्यासारखं नव्हतं.

घरी वेगळाच पहारा. आईने साखरेचा डबा लपवला. आज पिठाच्या पिंपामागे, उद्या शिलाई मशीनच्या खालच्या खणात. एका दुपारी मी टॉवेल शोधायला पांघरुणांचं कपाट उघडलं. खरोखर टॉवेल शोधायला, हसू नका! तर तिथे वडील. गोधडीआड मान खुपसून उभे. तोंडात चमचा. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी त्यांच्याकडे बघितलं. वीस वर्षं गोळी घेणारा माणूस! मग त्यांनी काय करावं? तोंडातला चमचा काढला, शर्टाला पुसला, डब्यात बुडवला आणि भरून माझ्यापुढे धरला. बापाचं प्रेम हो, दुसरं काय! मी त्या चमच्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्या पायाची ती पट्टी दिसली. नको म्हटलं. आईशप्पथ नको म्हटलं. तेव्हा त्यांनी चमचा परत डब्यात ओतला, झाकण लावलं, गोधडी नीट केली आणि म्हणाले, टॉवेल बाहेर दोरीवर आहे. पुन्हा म्हणून त्यांनी त्या कपाटाला हात लावला नाही, आणि त्यांचंही मला वाईट वाटायला लागलं.

आता खरी गंमत पुढे आहे. दोनेक महिने झाले असतील, एक दिवस गाजर खाल्लं आणि मी चमकलो. गोड! पाकात घातल्यासारखं! दूध प्यायलो, गोड. कॅन्टीनमधलं टोमॅटोचं सूप, गोड. म्हटलं, हा काहीतरी कट आहे. कॅन्टीनवाल्याला जाऊन विचारलं, सूपमध्ये साखर का घालतोस? तो म्हणाला, मी मीठ घालायला विसरतो, साखर कुठली घालू? त्यावर गप्प बसावं की नाही माणसाने? पण नाही. घरी आलो आणि आईला म्हटलं, तू माझ्या दुधात साखर घालतेस. जी बाई माझ्यासाठी घरात डबे लपवत हिंडतेय, तिला! तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तीन दिवस माझ्याशी फक्त वडिलांमार्फत बोलली. "त्याला सांगा, जेवायला वाढलंय." मी समोर बसलेला! म्हणजे मी सगळ्या जगावर संशय घेतला, पण बदलली असेल ती आपली जीभच, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आणि तिथेच मी फसलो.

वार्षिक प्रॅक्टिकल गुरुवारी. डॉक्टरांकडे रक्त द्यायचं शुक्रवारी. बघा नेमका योग! आणि आमच्या कॉलेजचा एक रिवाज आहे, कॉलेज निघालं तेव्हापासूनचा. परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात, आणि केकचा पहिला घास बनवणाऱ्याने त्यांच्यासमोर उभं राहून स्वतः खायचा. त्यानेच आधी खाल्लं नाही तर परीक्षकाने का खावं, असा त्यात विचार. बुधवारी तराजूबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, उद्या ती डबी आणायची नाही, बाहेरच्या बाई येणार, शोभा होईल. एक घास गीळ, एका घासाने तीन महिने वाया जात नाहीत, साधी गोष्ट आहे. मी हो म्हटलं. आणि सकाळी निघताना सवयीने एप्रनच्या खिशात काय टाकलं? तुम्हाला कळलंच असेल.

गुरुवार. एकोणचाळीस पोरं, एकोणचाळीस टेबलं, प्रश्न सगळ्यांना एकच, साधा लोण्याचा केक. दोनशे लोणी, दोनशे साखर, दोनशे मैदा, चार अंडी. झोपेत करीन हो मी! प्रत्येकाला साखरेची पाचशेची पिशवी दिलेली. मी वजन केलं, लोणी आणि साखर फेटली, पांढरीशुभ्र हलकी झाली, आणि नियमाप्रमाणे चाखली. माझे डोळे पांढरे झाले. काय ते गोड! नुसतं गोड नाही, कानात गोड, दाताच्या मुळात गोड! म्हटलं, मेलो. घाईत दोनदा घातली गेली बहुतेक, दोनशेच्या जागी चारशे पडली! आता तुम्ही म्हणाल, पिशवीचं वजन करून बघायचं. हे तुम्हाला इथे खुर्चीत बसून सुचतंय! तिथे काटा दोघांत एक, आणि त्याच्यावर चाटू एकेक अंडं ठेवून त्यातलं मोठं कुठलं ते बघत बसलेला. आणि फेटलेल्या लोण्यातून साखर काढता येते का? नाही. मग एकच उपाय, बाकीचं सगळं दुप्पट करायचं. लोणी आणखी दोनशे. अंडी आठ. मैदा चारशे. माझी मलाच शाबासकी वाटली. म्हटलं, गडी घाबरला नाही, निभावून नेलं.

भांड्यात मावेना. एका साच्यात मावेना. शेजारच्या टेबलावरून दुसरा साचा मागून आणला, दोन्ही ओव्हनमध्ये सारले आणि काचेपुढे उकिडवा बसलो. फुगले हो. छान फुगले. पण रंग येईना. सगळ्यांचे केक तांबूस, सोनेरी, आणि माझे दोन, चुना लावलेल्या भिंतीसारखे. साखर कमी पडली की केकला रंग चढत नाही, हे तराजूबाईंनी पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलंय. साखर कमी? माझी? मी धावत जाऊन पिशवी काट्यावर ठेवली. तीनशे. पाचशेतले तीनशे शिल्लक. म्हणजे घातली होती बरोबर दोनशे! बरोबर होतं सगळं! आणि मी त्या दोनशे साखरेत दोन केकांचा माल कोंबला होता. जगात आजवर कुणी साखर जास्त झाली म्हणून नापास झालं असेल, कुणी कमी झाली म्हणून, मी दोन्ही कारणांनी एकाच दिवशी! त्या क्षणी मला मामाचं ते स्टूल इतकं स्पष्ट दिसलं की त्याचा एक पाय थोडा लुळा आहे हेसुद्धा दिसलं.

परीक्षक बाई म्हणजे एक बारकीशी, वाळलेली, साठीला टेकलेली बाई. मोठ्या बिस्किटाच्या कारखान्यातून आलेली. हातात पर्स, तोंडात एकच शब्द, "हं." पोरगं घास खायचं, ही खायची, पाठ फिरवून पदराआड काहीतरी करायची, हं, पुढचं टेबल. माझा नंबर हजेरीत शेवटचा. म्हणजे अडतीस केक खाऊन ती माझ्यापुढे येणार, आणि माझा हा पांढराफटक! ती आली. केकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या केकाकडे बघितलं. म्हणाली, "दोन का?" मी म्हटलं, झाले. "हं."

मी तुकडा कापला. मागे तराजूबाई उभ्या, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. मी घास तोंडात घातला. आणि अहो, काय सांगू, दोन महिन्यांची सवय! डोक्यात फक्त स्टूल फिरत होतं, अंग आपलं आपलं काम करत होतं. चावला. जीभ फिरली. मान डावीकडे. खिशातून डबी. टक्.

झाकणाचा आवाज सबंध हॉलभर ऐकू गेला. अडतीस माना माझ्याकडे वळल्या. परीक्षेत, परीक्षकासमोर, स्वतःचा केक स्वतः थुंकणारा कॉलेजच्या इतिहासातला मी पहिला! तराजूबाईंनी डोळे मिटून घेतले. चाटूचासुद्धा चमचा हवेत थांबला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर बाहेर नुसता चुरा पडला.

परीक्षक बाईंनी माझा केक उचलला. तुकडा मोडला. तोंडात घातला. चावला, चावला, आणि मग त्यांनी पर्स उघडली. तुम्हाला सांगतो, आतून काय निघावं? डबी. स्टीलची. झाकणवाली. वापरून वापरून गुळगुळीत झालेली. बाई सव्वीस वर्षं त्या कारखान्यात बिस्किटं चाखायचं काम करतायत, दिवसाला चाळीस, आणि अडतीस केक त्यांनी पदराआड करून त्याच डबीत टाकले होते! त्यांनी झाकण उघडलं. माझ्याकडे बघितलं. थांबल्या. आणि झाकण परत लावलं.

"आज एवढे केक तोंडात गेले," त्या म्हणाल्या, "हा एक गिळला. याची साखर अंगावर येत नाही."

मग त्यांनी आणखी एक तुकडा घेतला. तोही गिळला. दुसऱ्या केकाचाही घेतला. आणि मला विचारलं, केकाबद्दल एक शब्द नाही हो, डबीकडे बोट दाखवून विचारलं, किती दिवस करतोस? मी म्हटलं, दोन महिने. म्हणाल्या, मान लवकर वळते तुझी, पण हात चांगला आहे.

पास झालो. शुक्रवारी रक्त दिलं. शनिवारी आकडा आला, पाच पूर्णांक सहा. डॉक्टर उठून उभे राहिले, हात मिळवला, विचारलं, केलंस तरी काय? मी म्हटलं, बेकरीचा अभ्यास. आईने तो कागद तीनदा वाचला, घडी घातली आणि छातीशी धरून दवाखान्याच्या त्याच पायरीवर बसली, आणि या वेळी काही गुणगुणली नाही, सरळ रडली. मलाही रडू आलं, कशाला खोटं बोलू? मामाला फोन केला तर पलीकडे आधी नुसती बिजागरी कुरकुरली. मग म्हणाला, स्टूल राहू दे, कधी केक घेऊन आलास तर बसायला होईल.

आणि घरी आल्यावर आईने काय करावं? जिने तीन महिने माझ्यामागे डबे लपवले, ती बाई शिलाई मशीनच्या खणातून साखरेचा डबा काढते, भरून चमचा घेते आणि म्हणते, "आ कर. एवढी आनंदाची बातमी, तोंड गोड करायला नको? एका चमच्याने काय होतंय." वडिलांनीही शेजारी उभं राहून तोंड उघडलं. त्यांना तिने एका नजरेत मिटायला लावलं. मी आ केला. आईचा हात होता, नाही कसं म्हणणार? आणि तुम्हाला सांगतो, गोड लागली हो. फार गोड लागली. घशाखाली जाईना. ज्या साखरेसाठी मी तीन महिने रडलो ती तोंडात आली, आणि माझी मान आपली डावीकडे! डावीकडे वडील. आशेने बघत होते बिचारे.

झालं, संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं होतं. सोमवारी कारखान्यातून पत्र. त्या बाई वर्षाअखेरीला निवृत्त होतायत, त्यांच्या जागेसाठी त्यांनी माझं नाव दिलंय, तोवर कॉलेज सुटल्यावर रोज दुपारी त्यांच्या हाताखाली शिकायचं. तराजूबाईंनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. चाटू तर कोसळलाच, म्हणाला, देवा, दिवसाला चाळीस बिस्किटं, आणि कुणाला मिळाली बघ! डॉक्टरांना विचारलं, जाऊ का? ते म्हणाले, जा की, गिळायचं नाही फक्त, साधी गोष्ट आहे.

तर आता असं चाललंय. सकाळी कॉलेजात केक करतो, दुपारी त्या पांढऱ्या खोलीत त्या बाईंसमोर बसतो. त्या म्हणतात, हं. मी म्हणतो, हं. मध्ये चाळीस बिस्किटं, दोन डब्या. आई गल्लीत, बाजारात, ओळखीच्या-बिनओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगते, मुलगा कारखान्यात आहे. लोक विचारतात, अरे वा, काय करतो? आई म्हणते, तपासणी अधिकारी आहे. काल आईच्या मागे मीच उभा होतो. समोरच्या काकूंनी मान वाकडी करून थेट मलाच विचारलं, म्हणजे नेमकं काय करतोस रे बाळा?

काय सांगणार? म्हटलं, थुंकतो काकू. साधी गोष्ट आहे.